टायरच्या दुकानावरची शाळा

मावशीच्या केस कापायच्या दुकानामागे एक खोली होती आणि त्या खोलीत एक टेबल. टेबल साधंसुधं नव्हे, मालिशचं. मऊ, उंच, एका टोकाला पालथं झोपल्यावर तोंड घालायला गोल भोक असलेलं. मालिश शिकणार होती मावशीची भाची, आणि तिने शाळेत नावसुद्धा घातलं नव्हतं तेव्हाच मावशीने ते टेबल आणून मांडलं होतं. अशी घाई! बाजारात तुरी म्हणतात ना, तशातला प्रकार. मग त्या टेबलावर टॉवेल साठले, शाम्पूचे खोके साठले, आणि एकदा तर शेजारचे घड्याळजी त्यावर दुपारची झोप काढताना सापडले.

"माझ्या मानेसाठीच आणलंय ना?" ते उठता उठता म्हणाले. दिवसभर भिंगातून घड्याळात डोकं घालून त्यांची मान पार धरलेली असायची.

"रांगेत उभे राहा," मावशी म्हणाली. "या टेबलावर पहिली मी झोपणार. तेवीस वर्षं उभी आहे या पायांवर."

भाचीचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण मावशी तिला झिपरी म्हणायची. गावभराची डोकी विंचरणाऱ्या बाईच्या घरात राहून जिच्या केसांना कंगव्याची ओळख नाही, तिला दुसरं म्हणणार तरी काय? झिपरी मावशीकडे आली ती लहान असताना. तिच्या आईला, म्हणजे मावशीच्या ताईला, एके दिवशी दवाखान्यात नेलं आणि ती परत आली नाही. तेव्हापासून या दोघी एकमेकींच्या. आणि तेव्हापासून दवाखाना दिसला की मावशी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने चालायची. विचारलं तर म्हणायची, इकडे ऊन लागतं.

शाळा निवडायची वेळ आली तेव्हा मावशीने आधीच निवडून ठेवली होती. दोन गल्ल्या सोडून एक नवी संस्था उघडली होती. दारातच कारंजं, आत बासरी, भिंतीवर सोनेरी चौकटीत प्रमाणपत्रं, आणि संचालकांच्या बोटाबोटांत अंगठ्या. सहा आठवड्यांत तयार करून देतो, म्हणाले. मावशीला एवढं आवडलं, एवढं आवडलं, की ती कारंज्यापाशी उभी राहून स्वतःचे केस नीट करून आली.

झिपरीने मात्र संचालकांना एकच गोष्ट विचारली. "तुमच्या संस्थेला परिषदेची, म्हणजे अशा शाळा तपासतात त्यांची, मान्यता आहे का?"

संचालक हसले. "आमचं कामच बोलतं, बेटा. मान्यता काय, येईल मागून."

"म्हणजे नाही."

"म्हणजे रस्त्यात आहे."

दुसरी शाळा टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर होती. जिन्यात रबराचा वास, वर्गात ट्यूबलाइट लुकलुकणारी, अभ्यासक्रम दीड वर्षाचा. मास्तरीणबाई अशा, की त्यांच्यासमोर मावशीला आपोआप सरळ बसावंसं वाटलं. झिपरीने तिथेही तोच प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, "आहे. परिषदेची माणसं न सांगता येतात, मागच्या बाकावर बसतात. गेल्या वर्षी म्हणाले, मुलींकडून देखरेखीखाली करून घेतलेलं काम कमी पडतंय. सगळी तुकडी थांबवून पुन्हा करून घ्यावं लागलं. चांगलंच झापलं आम्हाला."

जिना उतरताना मावशीला राहवेना. "ऐकलंस? यांना झापलंय म्हणे! आणि स्वतःच्या तोंडाने सांगतात. झापलेल्या शाळेत कशाला जायचं गं?"

"निदान झापायला कुणीतरी आहे, मावशी. त्या कारंजेवाल्याला कोण झापतं?"

"मला कुणी दिली होती मान्यता? डोकी समोर आली, कापत गेले."

"केस परत उगवतात," झिपरी म्हणाली.

मग मावशी घरी येईपर्यंत टायरच्या वासावर बोलत राहिली. पण पोरीने नाव घातलं ते तिथेच. या शाळेतून बाहेर पडलं तरच परवान्याच्या परीक्षेला बसता येतं, आणि परवाना असला तरच दवाखान्यातल्या व्यायामाच्या विभागात कुणी उभं करतं, एवढं तिने चौकशी करून ठेवलं होतं. झिपरी दिसायला गबाळी, पण आतून हिशेबी. मावशीच्याच तालमीत वाढलेली, दुसरं काय.

शाळा सुरू झाली आणि मावशीची घोर निराशा झाली. महिने गेले तरी पोरगी कुणाला हात लावेना! हाडं पाठ करायची, शिरा पाठ करायची, आणि रोज संध्याकाळी मावशीला समोर बसवून प्रश्न विचारायची. त्या शाळेचा नियमच तसा होता. आधी विचारायचं, मग बघायचं, आणि मग ठरवायचं, हात लावायचा की नाही. घरच्या माणसावर सराव करून यायचं.

"कुठे दुखतंय?"

"खिशात."

"मावशी! कधीपासून दुखतंय?"

"तू शाळेत गेलीस तेव्हापासून."

"एकाच बाजूला की दोन्ही?"

"दोन्ही खिशांत."

"कुठली गोळी चालू आहे? इतक्यात आजारी होतात का? लांबचा प्रवास झालाय का? बराच वेळ एका जागी बसून होतात का?"

"बसायला मला मेलीला वेळ कुठाय!"

घड्याळजी चहा प्यायला आले की त्यांनाही हसू आवरायचं नाही. "मालिशची शाळा आहे की पोलीसचौकी?" ते विचारायचे. "हिच्या हातून मान दाबून घ्यायची म्हणजे आधी जबाब द्यायचा." झिपरी मात्र शांतपणे पुन्हा पहिल्या प्रश्नावर यायची. असं करता करता सगळे प्रश्न मावशीच्या तोंडी बसले. गिऱ्हाइकाचे केस धुताना ती गाण्यासारखे गुणगुणायची. कुठलं उत्तर दिलं की झिपरी मान डोलावते आणि कुठल्या उत्तरावर भुवया जवळ आणते, हेही तिला पक्कं कळलं होतं. आणि हे कळलं, तिथेच घोळ झाला.

झालं असं, की शाळेचं वर्ष उलटलं आणि झिपरीला शाळेत देखरेखीखाली आणि घरी घरच्यांना हात लावायची मुभा मिळाली. त्याच सुमारास मावशी परगावी केशकर्तनाच्या अवजारांचं प्रदर्शन बघायला गेली. जाताना दिवसभर बसमध्ये, येताना दिवसभर बसमध्ये, खिडकीची जागा मिळाली म्हणून एकदाही उठली नाही. परत आली ती नवी कात्री घेऊन आणि उजव्या पोटरीत कळ घेऊन. दुसऱ्या दिवशी पोटरी टम्म फुगली. उभं राहवेना. मावशीला वाटलं, हीच ती वेळ! टेबलावरचे टॉवेल तिने स्वतः उचलले, शाम्पूचे खोके खाली ठेवले आणि झिपरीला हाक मारली.

"ये गं. पहिलं गिऱ्हाईक आलंय. पाय दाब."

झिपरीचा चेहरा असा फुलला, की मावशीला दुखणंही गोड वाटलं. तिने हात धुतले, खुर्ची ओढली आणि रीतीप्रमाणे प्रश्न सुरू केले. मावशीने या खेपेला खिशाचा विनोद केला नाही. तिने सरळ उत्तरं दिली, आणि सगळी खोटी दिली. कधीपासून? रोजचंच आहे. एकच पाय? छे, दोन्ही. बसून होतात का? नाही बाई, बसमधून सारखी उतरत होते. कुठल्या उत्तराने काम होतं ते माहीत असताना खरं बोलून हातची संधी कोण घालवील? पोरीच्या हातचं पहिलं मालिश तिला हवं होतं, म्हणजे हवं होतं.

"बरं," झिपरी म्हणाली. "आता दोन्ही पाय वर घे."

"कशाला? सांगितलं की सगळं."

"सांगितलंस. आता बघते."

तिने दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवले. मोज्याच्या खुणा बघितल्या. मग हाताची पालथी बाजू आधी एका पोटरीला लावली, मग दुसरीला, मग पुन्हा पहिलीला. तिचा चेहरा उतरला.

"मी हा पाय दाबणार नाही, मावशी. आणि दुसऱ्या कुणालाही दाबू द्यायचा नाहीस. आत रक्ताची गाठ असली तर दाबल्यावर सुटते, आणि वर छातीत जाऊन अडकते. माणूस जातं. चल, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं."

दवाखाना म्हटल्यावर मावशीचं डोकंच फिरलं. "गाठ म्हणे! अगं, उभं राहून राहून भरून आलाय पाय. वर्षभर शिकून हेच शिकलीस, की दाबायचं नाही? हे तर मला शिकल्याशिवाय येतं!"

झिपरी भांडली नाही. "जिना चढायचा नाही, हलायचं नाही. मी गाडी घेऊन येते," म्हणाली आणि अनवाणीच धावली.

ती पुढच्या दाराने गेली आणि मावशी मागच्या दाराने निघाली. आता याला काय म्हणावं? पन्नाशीची बाई, शाळेला दांडी मारणाऱ्या पोरासारखी भिंतीला धरून लंगडत चालली होती. तिचा हिशेब सोपा होता. कुणाकडून तरी पाय दाबून घ्यायचा. दुखायचं थांबलं, की दवाखान्याचा विषय संपला. आणि दोन गल्ल्यांवर कारंजं होतंच.

आत बासरी वाजत होती. फिकट निळ्या झग्यातली एक मुलगी गोड हसत पुढे आली. झिपरीच्याच वयाची, पण केस कसे चोपून बसवलेले! मावशीला बरं वाटलं. याच संस्थेत शिकून ती इथेच कामाला लागली होती. तिने मावशीला टेबलावर पालथं झोपवलं, पायावर ऊन टॉवेल टाकला. मावशीने भोकात तोंड घातलं आणि उत्तरं तयार ठेवली. दोन्ही पाय, रोजचंच, बसून नव्हते. सगळी खोटी, एकदम पाठ.

"काय आवडेल, मावशी?" मुलीने विचारलं. "लव्हेंडर की लिंबू?"

"लिंबू," मावशी म्हणाली आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघू लागली.

पुढचा प्रश्न आला नाही. बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. भोकातून मावशीला फक्त फरशी दिसत होती आणि त्या मुलीच्या नव्याकोऱ्या सपाता. सपाता पायाच्या बाजूला सरकल्या. टॉवेल उचलला गेला.

"अगंबाई, केवढा फुगलाय! आणि तापलाय किती!" मुलगी म्हणाली. "हा चांगला जोर लावूनच दाबावा लागेल." आणि तिने तळहातांवर तेल चोळलं.

मावशी एवढी सगळी खोटी उत्तरं घेऊन आली होती आणि इथे तिला खोटं बोलायलासुद्धा कुणी विचारत नव्हतं. घरी पोरीने ती सगळी ऐकून घेतली, आणि तरी पाय बघितला. इथे पाय दिसतोय, हाताला चटका लागतोय, आणि विचारतात काय, तर लिंबू!

"थांब!" ती भोकातूनच ओरडली. "हात लावू नकोस!"

सपाता दचकून मागे गेल्या. मावशी कोपरांवर रेटा देऊन उताणी झाली. मुलगी तेलाचे हात हवेत धरून उभी होती.

"तू मला काही विचारणार नाहीस?"

"विचारलं की. लव्हेंडर की—"

"ते नव्हे गं! कधीपासून दुखतंय? एकच पाय की दोन्ही? प्रवास झालाय का? बसून होतात का?"

"हे आम्हाला नव्हतं शिकवलं," मुलगी म्हणाली.

"मग सहा आठवडे शिकवलं तरी काय?"

"तेल, टॉवेल, गाणी कुठली लावायची. आणि हसायचं कसं."

"आणि ही सोनेरी चौकट?"

"ती पहिल्याच आठवड्यात आली. आईने फोटो काढून सगळ्यांना पाठवला." मुलीचं हसू आता पुसलं गेलं होतं. "मी दोन दवाखान्यांत गेले होते कामासाठी. संस्थेचं नाव सांगितलं, तर म्हणाले मान्यता नाही, परवान्याच्या परीक्षेलाही बसता येणार नाही. मग सरांनी इथेच ठेवून घेतलं. पण मावशी, तुम्ही विचारताय त्याची उत्तरं काय आहेत?"

आणि मावशीने उत्तरं दिली. एकेक करून, खरी. "दोन दिवस झाले. एकच पाय, उजवा. गरम आहे. बसमध्ये जाताना येताना दिवसभर बसून होते, एकदाही उठले नाही." स्वतःच्या तोंडून ते सगळं ओळीने ऐकलं आणि झिपरीच्या जवळ आलेल्या भुवया तिच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

"म्हणजे काय?" मुलीने विचारलं.

"म्हणजे मरायला आले होते तुझ्या टेबलावर. आणि बोल तुला लागला असता."

मावशी घाबरली. मरणाला घाबरली, हे खरंच. पण त्याहून घाबरली ती दुसऱ्याच गोष्टीला. झिपरी आत्ता गाडी घेऊन रिकाम्या दुकानापाशी उभी असेल. एकदा अशीच दवाखान्याच्या दाराबाहेर उभी होती, एवढीशी, हातात आईच्या चपला घेऊन. पुन्हा तिला तसंच उभं करायला निघाले होते मी, मावशीच्या मनात आलं, आणि तेही लिंबाच्या तेलापायी. तिला स्वतःची अशी चीड आली, की डोळ्यांत पाणीच आलं.

"फोन लाव," ती म्हणाली. "सांगते तो नंबर लाव. आणि आधी हात पूस."

झिपरी गाडी घेऊन कारंज्यापर्यंत आली. मावशीचा हात खांद्यावर घेऊन तिने तिला आत बसवलं. निळ्या झग्यातली मुलगीही न विचारता गाडीत बसली.

दवाखान्यात पोटरीवर यंत्र फिरवलं आणि गाठ दिसली. शिरेत, चांगली मोठी. तरुण डॉक्टरीणबाईंनी लगेच इंजेक्शन दिलं, पाय उशीवर ठेवला आणि पुढे बरेच महिने गोळ्या घ्याव्या लागतील असं सांगितलं. मग विचारलं, "कुणाकडून दाबून नाही ना घेतला?"

"नाही."

"नशीब तुमचं."

"नशीब कसलं हो?" मावशी ताडकन म्हणाली. "टायरच्या दुकानावरची शाळा आहे. मान्यतावाली. परिषदेची माणसं मागच्या बाकावर बसतात तिथे. चांगलं झापतात!"

डॉक्टरीणबाईंना काहीच कळलं नाही, पण त्या हसल्या आणि गेल्या. झिपरी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. इतका वेळ धरून ठेवलेलं तिच्याने आता धरवेना. "दोन्ही पाय म्हणालीस! सारखी उतरत होते म्हणालीस! सगळं खोटं, मावशी?"

"सगळं," मावशी म्हणाली. "पण तू विश्वास ठेवला नाहीस ना, म्हणून आहे मी."

"बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," झिपरी नाक पुसत म्हणाली. "सगळ्यात खोटारडं गिऱ्हाईक घरचं असतं."

"हुशार आहेत हो तुझ्या बाई. ये इकडे." मावशीने तिला ओढून जवळ बसवलं आणि तिच्या विस्कटलेल्या केसांतून बोटं फिरवली. "चुकलं माझं. तुला पुन्हा दवाखान्याच्या दारात उभं केलं असतं मी. आता खोटं नाही बोलायची. तुझ्याशी तरी नाही."

निळ्या झग्यातली मुलगी दारापाशीच उभी होती. तिच्या हातांना अजून लिंबाचा वास येत असावा, कारण ती ते सारखे झग्याला पुसत होती. "त्या शाळेत," तिने झिपरीला हळूच विचारलं, "माझे सहा आठवडे धरतील का?"

झिपरीने मान हलवली. "नाही धरणार. पहिल्यापासून करावं लागेल."

सगळ्यांवर बोट ठेवून हसणाऱ्या मावशीलाही त्या पोरीकडे बघून काही विनोद सुचला नाही. ही पोरगी काही वाईट नव्हती. हात मऊ, मन साफ. फक्त तिला झापायला कुणी नव्हतं.

"कर पहिल्यापासून," मावशी शेवटी म्हणाली. "त्यात काय एवढं? संध्याकाळी सरावाला आमच्याकडे येत जा, खोटारडं गिऱ्हाईक तयारच आहे. मला आता बरेच दिवस बसूनच राहायचंय."

"पण मावशी, तुम्ही आत्ताच म्हणालात, खोटं बोलणार नाही म्हणून."

"ते हिच्याशी. तुझ्याशी काही ठरलेलं नाही." मावशीने उशी सारखी केली, हात पोटावर ठेवले आणि जन्मभराचं अट्टल गिऱ्हाईक असल्यासारखा चेहरा केला. "बस त्या खुर्चीवर. हं, विचार. कुठे दुखतंय?"